लग्नाचें भय कोणास?

गेल्या वैशाखांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नानिमित्त आम्हांस गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांव येथें जाण्याचा प्रसंग आला. मुहूर्त साडेबाराचा होता. परंतु नवरदेव मारुतीच्या दर्शनास जाऊन वाजतगाजत मांडवांत येईपर्यंत दोन वाजून गेले. परभणी जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस सांगणें नको कीं, अशा वेळीं मांडवाखालीं बसलेल्या वऱ्हाडी मंडळींस बोलण्यावांचून दुसरा उद्योग उरत नाहीं. आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांचा नातू पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत चांगल्या पगारावर आहे, वय एकतीस, आणि लग्नाचा विषय निघाला कीं तो फोन ठेवून देतो. "सर, ही पिढीच लग्नाला भिते," ते आम्हांस म्हणाले, "आणि याचें मूळ सिनेमांत आहे. परवां नातवानेंच मोबाइलवर एक कन्नड सिनेमा दाखविला. त्यांत पोरें काय आणि पोरी काय, सगळीं लग्नापासून लांब पळतात, आणि बघणारे खो खो हंसतात. आमच्या वेळीं असलें भय कोणाला ठाऊक होतें?" आसपासच्या चारसहा मंडळींनीं माना डोलाविल्या. इतक्यांत वाजंत्री जवळ आली, अक्षता वाटल्या गेल्या, आणि यजमानाच्या मांडवांत वाद घालूं नये म्हणून आम्हीही गप्प राहिलों. तेथें अपुरा राहिलेला तो वाद येथें पुरा करण्याचा आमचा विचार आहे.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. लग्नापूर्वीं वाटणारी भीति हा रोग नाहीं; ती विचाराची पहिली पायरी आहे. ज्याला ती वाटत नाहीं त्यानें आपण काय करीत आहों याचा विचार केलेला नाहीं, किंवा त्याला तो करूं दिलेला नाहीं. आमच्या जिल्ह्याचें दुखणें तरुण मंडळी लग्नास भितात हें नसून, ज्यांनीं भ्यावें त्यांस भिण्याइतका अवकाशच मिळत नाहीं, हें आहे. आणि या प्रश्नावर निघालेल्या आमच्या विनोदी बोलपटांचा दोष ते तरुणांना भय शिकवितात हा नव्हे; ते त्या भयाची फार लवकर थट्टा करून त्याला मांडवांत नेऊन बसवितात, हा आहे.

प्रतिपक्षाची बाजू अगोदर नीट मांडली पाहिजे, नाहीं तर आम्ही पेंढ्याच्या पुतळ्याशीं लढलों असें होईल. मुख्याध्यापकांसारख्या मंडळींचें म्हणणें तीन प्रकारचें आहे. एक, पूर्वीच्या पिढ्यांना लग्नाचें भय नव्हतें आणि त्यांचे संसार सुखाचे झाले. दोन, हें भय इंग्रजी शिक्षणानें आणि त्याच्या मागून आलेल्या नाटक-सिनेमांनीं निर्माण केलें. तीन, लग्न ही समाजाची बैठक असल्यामुळें तिच्याविषयीं शंका काढणें म्हणजे घराच्या पायांत कुदळ घालणें होय. हीं तिन्ही मतें सज्जन माणसांचीं आहेत आणि त्यांच्या मागें नातवंडांची काळजी आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु तीं खरीं नाहींत.

पूर्वीं भय नव्हतें, हें म्हणणें आपल्या भाषेलाच मान्य नाहीं. ‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण कोण्या सिनेमावाल्यानें रचली नाहीं. ज्यांनीं दोन्ही करून हात पोळून घेतले त्या पूर्वजांनीं ती मागें ठेविली. मंगलाष्टकांच्या शेवटीं भटजी मोठ्यानें ‘सावधान’ म्हणतात. वर आणि वधू यांना जागें करणारा तो शब्द वाजंत्र्यांच्या गोंगाटांत कोणी ऐकत नाहीं, ही गोष्ट निराळी. एकानें तो ऐकला होता. आमच्याच मराठवाड्यांतील जांब गांवचा नारायण ठोसर नांवाचा मुलगा ‘सावधान’ ऐकतांच बोहल्यावरून निघून गेला, असें परंपरा सांगते, आणि त्याच मुलाला आपण आज समर्थ रामदास म्हणून हात जोडतों. मांडवांत बसलेल्या आमच्या मित्रांपैकीं कोणीही समर्थांस सिनेमानें बिघडविलें असें म्हणणार नाहीं. तसेंच गंगाखेडचें नांव महाराष्ट्रांत ज्या एका स्त्रीमुळें सर्वतोमुखीं झालें, त्या जनाबाईच्या लग्नाची वार्ता परंपरेस ठाऊक नाहीं. ती नामदेवांच्या घरीं दळण-कांडण करीत राहिली आणि तेथेंच मोठी झाली. तेव्हां लग्नाविषयीं साशंक असणें, लग्नावांचून राहणें, हें आमच्या मातींत परकें नाहीं. फक्त तें आपण संतांना माफ केलें आणि आपल्या नातवांना माफ करीत नाहीं.

मात्र समर्थांच्या कथेंत एक गोष्ट आम्हांस नेहमीं खटकत आली आहे. अंतरपाटाच्या अलीकडचा मुलगा उठून गेला. पलीकडे जी मुलगी हातांत माळ घेऊन उभी होती तिच्या मनाचें काय झालें, याविषयीं परंपरा फारसें बोलत नाहीं. ‘सावधान’ हा शब्द दोघांच्या कानीं पडला, परंतु तो ऐकून पाऊल उचलण्याची मुभा एकासच होती. या लेखाचा सगळा विषय त्या अंतरपाटांत आहे.

पलीकडच्या बाजूनें कोणी पाऊल उचललें तर काय होतें हें पाहावयाचें असल्यास रखमाबाईंचा खटला पाहावा. अकराव्या वर्षीं तिचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लागलें. ती माहेरींच राहिली, शिकली आणि मोठी झाल्यावर नवऱ्याच्या घरीं जाण्यास नकार देऊं लागली. १८८४ सालीं नवऱ्यानें मुंबईच्या हायकोर्टांत दावा आणिला. १८८५ त न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला. पुढें तो फिरला, आणि १८८७ त तिला सांगण्यांत आलें कीं, नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. तिनें तुरुंग पत्करीन असें सांगितलें. अखेर १८८८ त पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली. या खटल्याच्या वेळीं ‘केसरी’नें त्यांच्या विरुद्ध बाजू घेतली, आणि इंग्रजी शिक्षणानें मुली बिघडतात हाच तेव्हांच्या पुष्कळ सुशिक्षितांचा सूर होता. मुख्याध्यापकांचें दुसरें मत तें हेंच. म्हणजे तें निदान सव्वाशें वर्षांचें आहे, आणि सिनेमा नांवाची वस्तु या देशांत येण्यापूर्वींचें आहे. सिनेमानें भय निर्माण केलें असें म्हणणाऱ्यांनीं एवढी एक तारीख लक्षांत ठेवावी.

आतां सिनेमाकडे वळूं. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा व्यवसाय करीत असल्यामुळें लग्नास भिणाऱ्या नायक-नायिका आमच्या रोजच्या परिचयाच्या आहेत. शेक्सपिअरचीं बेनेडिक आणि बिआट्रिस लग्नाची यथेच्छ टवाळी करतात आणि शेवटच्या अंकांत लग्न करतात. जेन ऑस्टिनची एलिझाबेथ मात्र आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. १८१३ सालच्या त्या कादंबरींत ती दोन मागण्या नाकारते. पहिली एका मूर्ख पाद्र्याची, दुसरी ज्याच्याशीं पुढें ती लग्न करते त्याच धनिक गृहस्थाची. दोन्ही नकार खरे असतात. दोन्ही तिला महागांत पडूं शकले असते, कारण बाप मेल्यावर घर जाणार हें तिला ठाऊक आहे. तिच्या होकाराला जी किंमत आहे ती या नकारांमुळें आहे. जिला ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं तिचें ‘हो’ हें ‘हो’ नव्हेच. विनोदी प्रेमकथेचा आत्मा आम्ही येथें मानतों. नकार खरा असेल तोंवर अशी कथा हलकीफुलकी असूनही गंभीर राहते, आणि नकार हा केवळ उशीर करण्याचा बहाणा झाला कीं ती करमणूक होऊन जाते.

मराठी बोलपटानें हा विषय फार लवकर हातीं घेतला. १९३८ सालीं मास्टर विनायकांनीं आचार्य अत्र्यांच्या कथेवर ‘ब्रह्मचारी’ काढला. त्यांतील औदुंबर एक व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, आणि मीनाक्षीबाईंची किशोरी ती प्रतिज्ञा मोडावयास लावते. १९४० सालीं याच विनायकांनीं ‘लग्न पहावें करून’ हें म्हणींतलेंच नांव घेऊन दुसरा बोलपट दिला. ‘ब्रह्मचारी’ची थट्टा ढोंगाची होती, भयाची नव्हती, आणि म्हणून ती आजही ताजी वाटते. व्याख्यानबाज पुढाऱ्यांनीं तरुणांच्या गळ्यांत अडकविलेल्या उसन्या वैराग्यावर अत्र्यांनीं हात टाकला. विचारपूर्वक थांबणाऱ्या मनुष्यावर नव्हे.

अलीकडील उदाहरण ‘मुंबई-पुणे-मुंबई’चें. सतीश राजवाडे यांनीं दिग्दर्शित केलेला याचा पहिला भाग २०१० त आला, आणि जवळजवळ दोनच पात्रांच्या बोलण्यावर तो सगळा उभा राहिला. मुंबईची मुलगी स्थळ नाकारण्यासाठीं पुण्यास येते आणि वाटेंत भेटलेल्या तरुणाबरोबर दिवस घालविते. शेवटीं तोच तो नाकारावयाचा मुलगा निघतो. हा भाग आम्हांस मनापासून आवडला, कारण त्यांतील मुलीला नकार देण्याचा हक्क आहे हें त्यांत कोणीही सिद्ध करीत बसत नाहीं. तें गृहीत धरलें आहे. मुक्ता बर्वे आणि स्वप्निल जोशी यांनीं ती मुलगी आणि तो मुलगा असे उभे केले कीं, आमच्या वर्गांतलींच दोन मुलें फिरावयास निघालीं आहेत असें वाटावें. २०१५ त दुसरा भाग आला. आतां सोयरीक ठरली आहे, दोन्ही घरें आनंदांत आहेत, आणि ऐन लग्नाच्या तोंडावर मुलीच्या मनांत शंका येते. मुख्याध्यापकांची तक्रार ज्या विषयाची आहे तोच हा विषय.

त्या शंकेचें काय झालें तें पाहा. ती शंका चित्रपटकर्त्यांनीं एका जुन्या प्रियकराच्या रूपानें पडद्यावर आणिली. तो आला म्हणजे शंका आली, आणि तो गेला म्हणजे शंका गेली. आम्ही विचारतों, लग्नाच्या उंबरठ्यावर उभी असलेली शिकलेली, नोकरी करणारी मुलगी फक्त एवढ्याचसाठीं थबकते काय? घर कोणत्या गांवीं करावयाचें, नोकरी कोणी सोडावयाची, मुलीच्या आईबापांस म्हातारपणीं कोणी पाहावयाचें, पगार कोणाच्या हातीं जावयाचा, मूल केव्हां आणि कोणाच्या इच्छेनें व्हावयाचें, सासरीं पटलें नाहीं तर परतीची वाट उघडी आहे कीं नाहीं, हे प्रश्न तिला पडत नाहींत काय? यांतला एकही प्रश्न तेथें पुरता विचारला जात नाहीं, कारण तो विचारला तर उत्तर द्यावें लागतें, आणि उत्तर देण्यास सनई-चौघडा पुरत नाहीं. २०१८ च्या तिसऱ्या भागांत त्याच दांपत्यास मुलाची चाहूल लागते, त्याचेंही भय वाटतें, आणि तेंही भय शेवटीं बाळाच्या कौतुकांत विरघळून जातें. म्हणजे पहिल्या भागांत भीति ही हक्क होती. दुसऱ्या-तिसऱ्यांत ती सर्दीपडशासारखी होऊन बसली, जी वेळ गेला कीं आपोआप उतरते.

हे बोलपट वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं ते सहकुटुंब पाहिले आणि हंसलों. प्रशांत दामले पडद्यावर असतांना न हंसणें शक्यही नाहीं. परंतु हंसें चित्रपटगृहांतून बाहेर पडतें, मांडवांत येऊन बसतें आणि तेथें युक्तिवाद होतें. ‘पोरगी आज नाहीं म्हणते, उद्यां रुळेल’ हें वाक्य आम्हीं या जिल्ह्यांत जितक्यांदां ऐकलें आहे तितक्यांदां दुसरें कोणतेंही ऐकलेलें नाहीं. मुंबई-पुण्याच्या पंचविशी उलटलेल्या मुलीविषयीं तें वाक्य विनोद असेल. सोळा वर्षांच्या मुलीविषयीं तें काय असतें, याचा विचार आतां करूं.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, परभणी जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४८ स्त्रियांचें लग्न वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें होतें. साऱ्या महाराष्ट्राचें हेंच प्रमाण शेंकडा २२ च्या आसपास होतें. वाचकांनीं हा आंकडा क्षणभर डोळ्यांपुढें धरावा. राणीसावरगांवच्या त्या मांडवांत चोविशीच्या आंतल्या ज्या लग्न झालेल्या मुली पंक्तींत वाढीत होत्या, त्यांतल्या कितींचीं लग्नें कायद्याच्या दृष्टीनें व्हावयासच नको होतीं, हें मोजण्याचें धाडस आमच्यानें झालें नाहीं. आणि अशा जिल्ह्यांत बसून आम्ही चर्चा करीत होतों ती पुण्यांतल्या एकतीस वर्षांच्या तरुणाला लग्नाची गोडी कां लागत नाहीं याची!

कायदा नाहीं असें नव्हे. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि आमचा जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, ही सबब १९४८ च्या सप्टेंबरांत संपली. १९७८ सालीं मुलीचें वय अठरा आणि मुलाचें एकवीस ठरलें. २००६ त नवा आणि अधिक कडक प्रतिबंधक कायदा झाला, आणि महाराष्ट्रांत खेड्यांपुरता ग्रामसेवकासच प्रतिबंधक अधिकारी नेमिलें. मुलीचें वयही एकवीस करावें असें विधेयक २०२१ च्या डिसेंबरांत लोकसभेंत आलें. तें समितीकडे गेलें आणि २०२४ त ती लोकसभा संपल्यावर त्याच्याबरोबर संपलें. अठराचा कायदा जेथें निम्म्या घरांत शिरला नाहीं तेथें एकविसाचा कोणत्या दारानें शिरणार होता, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

आईबापांना दुष्ट ठरविणें सोपें आहे, म्हणून आम्ही तें करणार नाहीं. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यांतून दिवाळीच्या सुमारास जीं कुटुंबें ऊंसतोडीला जातात त्यांच्या व्यवहारांत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल मिळते ती जोडीला. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. तेव्हां मुलाचें लग्न झालें कीं घरांत एक पुरा कोयता वाढतो. दुसरीकडे, वयांत आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ गांवीं ठेवून चार-सहा महिने फडावर जाणें आईच्या जिवाला लागतें. गांवची शाळा दहावीस संपते, पुढचें महाविद्यालय बारा-पंधरा मैलांवर, एस. टी. वेळेवर येईल याची शाश्वती नाहीं, आणि मुलीचें शिक्षण वाढलें कीं तोलामोलाच्या मुलाचा हुंडाही वाढतो. या सगळ्या हिशेबांत बापाला भय वाटतें, आईला भय वाटतें, भावाला भय वाटतें. ज्याचें लग्न लावलें जातें तें वस्तुतः यांचें भय असतें. जिच्या गळ्यांत माळ पडावयाची असते तिचें भय तेवढें कोणी विचारीत नाहीं.

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वीं आमचाही एक दोष येथें नोंदवून ठेवणें आम्हांस भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या कनिष्ठ विभागांतील बारावीची एक मुलगी वडिलांबरोबर दाखला काढावयास आली होती. प्राचार्य परगांवीं होते, म्हणून सही आमची होती. ‘सोडण्याचें कारण’ या रकान्यांत कारकुनानें ‘घरगुती अडचण’ असें लिहिलेलें होतें. त्या अडचणीचा अर्थ कारकुनाला ठाऊक होता, आम्हांस ठाऊक होता, आणि वडिलांच्या हातांतील लग्नपत्रिकांच्या नमुन्यांकडे पाहून तो शिपायालाही कळत होता. मुलीनें एवढेंच विचारलें, "सर, माझा परीक्षेचा फॉर्म भरलाय. तो तसाच राहील ना?" आम्ही म्हणालों, "राहील, राहील. बाहेरून बसतां येईल." आणि सही केली. जन्मतारीख त्याच कागदावर, सहीच्या वर चार बोटांवर छापलेली होती. आम्हीं ती वाचली नाहीं. वाचली असती तर सही करण्यापूर्वीं ग्रामसेवकाला नाहीं तरी १०९८ या क्रमांकावर एक शब्द कळवावा लागला असता, वडिलांशीं बसून बोलावें लागलें असतें, आणि ती सगळी दुपार गेली असती. आमची दुपार वांचली. ती मुलगी परीक्षेस बसली नाहीं. तिला लग्नाचें भय होतें कीं नाहीं हें आम्हांस आजही सांगतां येत नाहीं, कारण आम्हीं विचारलें नाहीं. तिनें परीक्षेविषयीं जें विचारलें तेंच कदाचित् तिचें भय असेल, आणि आम्हीं तिला जें उत्तर दिलें तें ‘रुळेल’ याच जातीचें होतें.

आतां अंतरपाटाच्या अलीकडची बाजू. मुलांनाही भय आहे, परंतु खेड्यांत तें लग्नाचें नसून लग्न न होण्याचें आहे. २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरास अविवाहित तरुण बाशिंगें बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले, आणि आम्हांस मुली मिळत नाहींत याचें उत्तर सरकारनें द्यावें अशी त्यांनीं मागणी केली. वर्तमानपत्रांनीं तो मोर्चा गंमत म्हणून छापला. २०२४ त ‘नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री’ हा बोलपट शेतकी पदवीधराला शेती करतो म्हणून मुलगी मिळत नाहीं या विषयावर निघाला. यांत गंमत थोडी आणि हिशेब फार आहे. गर्भांतच मुलगी ओळखून काढून टाकण्यास बंदी करणारा कायदा महाराष्ट्रानें देशांत सर्वांआधीं, १९८८ सालीं केला, देशाचा कायदा १९९४ त झाला. तरीही राज्यांतील सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुलींचें प्रमाण २००१ सालीं ९१३ होतें तें २०११ त ८९४ वर आलें. ज्या मुली जन्मासच येऊं दिल्या नाहींत त्या लग्नास कोठून येणार? आणि ज्या आल्या त्यांचे बाप शेतकऱ्याला मुलगी देण्यास कचरतात, कारण शेतीचा धंदा काय आहे हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक? शेतकरी बापच शेतकरी जांवई नको म्हणतो, यासारखी शेतीवरची टीका दुसरी नाहीं. येथेंही भय आहे, आणि येथेंही तें समंजस आहे. त्याची थट्टा करून तें जाणार नाहीं. भाव, पाणी आणि रस्ता दिल्यानें जाईल.

मग या विषयावर बोलपट कसा असावा? त्याचेंही उदाहरण आमच्यापाशीं आहे. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२३ त टोरोंटोच्या महोत्सवांत गौरविला गेला आणि २०२५ च्या मार्चांत महाराष्ट्रांत लागला. विदर्भांतील खेडें, कापसाचा शेतकरी बाप, स्पर्धापरीक्षेचीं स्वप्नें पाहणारी सविता, आणि पाटावर बसवून तिची उंची, तिचें शिक्षण, तिचा रंग यांची पुनःपुन्हां होणारी चौकशी. आरंभींच एक प्रसंग आहे: बायकांची बैठक बसली आहे आणि मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले जात आहेत. प्रेक्षक हंसतात. मग कळतें कीं तें सविताचें स्वप्न होतें. जागेपणीं पाटावर ती आहे. तेंच हंसें आतां घशांत अडकतें. येथें विनोद आहे, परंतु तो भिणाऱ्या मुलीवर नाहीं. तिला भिण्याचा हक्क न देणाऱ्या बैठकीवर आहे. असा बोलपट राणीसावरगांवच्या पारावर पडदा लावून दाखवावा, आणि तो पाहून झाल्यावर मुख्याध्यापकांनीं आपलें मत पुन्हां सांगावें.

कोणी विचारील, "मग काय लग्नें करूंच नयेत? सगळींच मुलें विचार करीत बसलीं तर घरें कशीं उभीं राहावयाचीं?" आमचें उत्तर असें कीं, आम्ही स्वतः संसारी मनुष्य आहों, लग्न ही चांगली गोष्ट आहे असें मानतों, आणि ती चांगली राहावी म्हणूनच हा खटाटोप. विहिरींत वांकून न पाहतां उडी टाकणाऱ्याला कोणी पोहणारा म्हणत नाहीं. मुख्याध्यापकांचा नातू थांबला आहे तो कदाचित् आळसानें थांबला असेल, कदाचित् पुण्यांतील घरांच्या किंमती पाहून थांबला असेल, कदाचित् त्यानें आपल्या घरांतच एखादें लग्न असें पाहिलें असेल कीं पुन्हां तें नको वाटावें. कारण काय तें त्यालाच विचारलें पाहिजे; आणि तो फोन ठेवतो तो बहुधा त्याला कोणी विचारीत नाहीं, फक्त सांगतात, म्हणून ठेवतो. पूर्वीचे संसार सुखाचे झाले हें मुख्याध्यापकांचें पहिलें मतही आम्ही याच कसोटीवर घांसून पाहूं इच्छितों. सुखाचे झाले असें सांगतात ते बहुतेक पुरुष असतात. आमच्या आजीला आम्हीं हा प्रश्न एकदां विचारला होता. ती नवव्या वर्षीं या घरांत आली होती. तिनें जात्यांतलें पीठ भरीत भरीत म्हटलें, "सुख? तें कोणी विचारलं होतं रे कधीं?"

राहिलें तिसरें मत, कीं शंका काढल्यानें समाजाची बैठक ढिली होते. बैठक ढिली होते ती शंकेनें नव्हे, फसगतीनें. जीं दोघें प्रश्न विचारून, उत्तरें पारखून, नकाराची वाट उघडी असतांना होकार देतात, त्यांच्या घराचा पाया इतरांहून भक्कमच असावयाचा. म्हणून आमची मागणी मोठी नाहीं. लेखकांनीं आणि बोलपटवाल्यांनीं भिणाऱ्या नायिकेला शेवटच्या अर्ध्या तासांत बोहल्यावर लोटण्यापूर्वीं तिच्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावींत. आईबापांनीं सोयरीक ठरविण्याअगोदर मुलीला एकटीला बसवून विचारावें, आणि ती ‘नाहीं’ म्हणाली तर तें ‘नाहीं’ असेंच ऐकावें. सरकारनें कायद्यांतील वय वाढविण्यापूर्वीं दहावीच्या पुढची शाळा आणि वेळेवर येणारी एस. टी. द्यावी. आणि आमच्या व्यवसायबंधूंनीं दाखल्यावर सही करण्यापूर्वीं जन्मतारीख वाचावी.

त्या दिवशीं अक्षता पडल्या तेव्हां आमचा विद्यार्थी एकोणतीस वर्षांचा होता आणि वधू चोवीस वर्षांची, पदवीधर. दोघांनीं आठ महिने विचार करून लग्न ठरविलें होतें, आणि मधें एकदां मुलीनें ‘मला अजून वेळ हवा’ म्हणून सांगितलेंही होतें, असें त्यानेंच आम्हांस पूर्वीं सांगितलें होतें. मुख्याध्यापकांना हें माहीत नव्हतें. भटजींनीं ‘सावधान’ म्हटलें, वाजंत्री एकदम वाजूं लागली, मुख्याध्यापकांनीं मोठ्या आनंदानें दोन्ही हातांनीं अक्षता टाकल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहा सर, अशीं लग्नें व्हावयास हवींत!" त्यांचें हें म्हणणें मात्र आम्हांस अक्षरशः मान्य आहे.